गर्भोत्तर शब्दकोडे : लिफाफ्यातील उत्तर आणि चौकटीतील उत्तर

शब्दकोड्याचा विचार वाङ्मयाच्या चर्चेत सहसा होत नाही. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, पंचांगाच्या शेजारी त्याची जागा ठरलेली असते आणि तेथून त्याला उठवून अभ्यासाच्या मेजावर आणण्याची गरज कोणास वाटत नाही. परंतु ज्या भाषेत प्रहेलिकेचे वर्गीकरण करण्यासाठी अलंकारशास्त्राने आपली बुद्धी खर्च केली, त्या भाषेच्या वारसाने कोड्याला केवळ वेळ घालविण्याचे साधन मानावे, हे काहीसे विपरीत आहे. त्यातही शब्दकोड्याचा एक पोटप्रकार असा आहे की, ज्याच्यासंबंधी वाङ्मयीन प्रश्न विचारल्यावाचून त्याचे गुणदोष सांगताच येत नाहीत.

साधारण शब्दकोड्यात प्रत्येक आडव्या वा उभ्या शब्दाला स्वतंत्र संकेत असतो. चौकट भरली की काम संपते. ह्या पोटप्रकारात चौकट भरल्यानंतर खरे काम सुरू होते. भरलेल्या अक्षरांत, शब्दांच्या क्रमात किंवा त्यांच्या परस्परसंबंधात आणखी एक उत्तर दडलेले असते. त्याला संकेत नसतो, क्रमांक नसतो, स्वतःची अशी घरेही नसतात. कोड्याचे शीर्षक तेवढे त्याच्याकडे बोट दाखविते. इंग्रजीत अशा कोड्याला ‘मेटा’ म्हणण्याचा प्रघात आहे. येथे त्यासाठी ‘गर्भोत्तर’ हा शब्द योजला आहे. ऑर्थर विन ह्याने ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’ ह्या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी पहिले शब्दकोडे छापले, त्यात असा काही दुसरा मजला नव्हता. १९३० पासून ‘लिसनर’ ह्या ब्रिटिश साप्ताहिकात येऊ लागलेल्या आणि १९९१ पासून ‘टाइम्स’मध्ये चालू राहिलेल्या कोड्यांनी तो बांधण्यास आरंभ केला. मॅट गॅफनी ह्या अमेरिकन कोडेकाराने २००८ पासून आठवड्यास एक ह्याप्रमाणे केवळ गर्भोत्तर कोडी देण्याचा उपक्रम चालविला, तेव्हा हा प्रकार आपल्या पायांवर उभा राहिला. इतिहास एवढा पुरे. प्रश्न आहे तो दडलेल्या उत्तराच्या स्वरूपाचा.

उत्तर दडविणे ही गोष्ट अगदी सोपी आहे. कागदावर एक शब्द लिहून तो लिफाफ्यात घातला आणि लिफाफा बंद केला, की उत्तर दडले. अशा रीतीने दडविलेले उत्तर आणि चौकटीत दडविलेले उत्तर ह्यांत जो भेद आहे, तोच गर्भोत्तर कोड्याच्या परीक्षणाचा पाया होय. आणि हा भेद केवळ तर्काने कल्पिलेला नाही. मुंबई राज्यात तो एकदा न्यायालयापर्यंत गेला होता.

विसाव्या शतकाच्या मध्यास बक्षिसांच्या शब्दकोड्यांनी भारतात मोठे बस्तान बसविले होते. आर. एम. डी. चमारबागवाला ह्यांच्या नावाने चालणारी ‘आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्स’ ही स्पर्धा बंगलोरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ ह्या साप्ताहिकातून चाले आणि तिची प्रवेशपत्रे मुंबई राज्यातूनही भरली जात. मुंबई सरकारने १९४८ च्या आपल्या कायद्यात १९५२ मध्ये दुरुस्ती करून राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या अशा स्पर्धाही कराच्या कक्षेत आणल्या आणि तेथून वाद उत्पन्न झाला. मुंबई उच्च न्यायालयात निकाल सरकारच्या विरुद्ध गेला; एप्रिल १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. दरम्यान १९५५ चा केंद्रीय कायदाही आला होता. त्याने शब्दकोड्याच्या स्पर्धेचा नावानिशी उल्लेख करून महिन्यास एक हजार रुपयांवरील बक्षिसांना मनाई केली आणि त्याखालच्या बक्षिसांसाठी परवाना व जास्तीत जास्त दोन हजार प्रवेशपत्रे अशी मर्यादा घातली. त्याच महिन्यात त्या कायद्याचाही निर्णय लागला. कौशल्यावर बव्हंशी अवलंबून असलेल्या स्पर्धा त्याच्या कक्षेबाहेर आहेत, असे न्यायालयाने ठरविले.

कायद्याच्या अभ्यासकाला ह्या निकालांत व्यापारस्वातंत्र्याची चर्चा दिसेल. कोड्याच्या अभ्यासकाने मात्र त्यातील एकच मुद्दा उचलावा. ह्या स्पर्धांत बक्षीस कोणास मिळे? ज्याचे उत्तर संपादकाने आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी जुळे, त्यास. संकेत असे की दोन शब्द सारख्याच सोयीने बसावेत. भाषेचे कितीही ज्ञान असले तरी त्यांतला कोणता शब्द लिफाफ्यात आहे, हे त्या ज्ञानाने कळत नाही. दहा ठिकाणी अशी दोन-दोन उत्तरे संभवली तर एकूण १,०२४ चौकटी बरोबर ठरतात आणि त्यांपैकी फक्त एकीला बक्षीस मिळते. न्यायालयाने ह्याला जुगार म्हटले. वाङ्मयाच्या दृष्टीने त्याच्याही पलीकडे जाऊन असे म्हणता येईल की, येथे कोडेच नव्हते. कोडेकाराने उत्तर कोठेही दडविलेले नव्हते. ते त्याने केवळ सांगितले नव्हते. न सांगणे म्हणजे दडविणे नव्हे.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरण ५ नोव्हेंबर १९९६ चे आहे. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दिवशी ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये जेरेमाया फॅरेल ह्या गणितज्ञाचे कोडे आले. त्यात मधल्या ओळीत उद्याचा ठळक मथळा भरायचा होता. विजयी उमेदवाराचे नाव म्हणून ‘क्लिंटन’ही बसे आणि ‘बॉब डोल’ही. इंग्रजीत दोन्ही नावे सात-सात अक्षरांची. आणि त्यांना छेदणारा प्रत्येक उभा शब्द असा निवडला होता की, दोन्ही अक्षरांनी तो त्याच संकेताला पुरा पडावा. हॅलोवीनच्या सणातले काळे जनावर मांजर म्हणावे किंवा वटवाघूळ म्हणावे, इंग्रजीत एका अक्षराचा फरक. येथेही दोन उत्तरे, तेथेही दोन उत्तरे. परंतु येथे संदिग्धता हीच रचना आहे, ती सोडविणाऱ्याला दिसते, आणि दिसली की तिचे प्रयोजन कळते. बक्षिसाच्या कोड्यातील संदिग्धता सोडविणाऱ्यापासून लपविलेली असते, कारण ती दिसली तर प्रवेशपत्र भरण्यास कोणी धजणार नाही.

हा भेद प्राचीनांना अपरिचित नव्हता. धर्मदासाच्या ‘विदग्धमुखमण्डना’त प्रश्नात्मक पद्यांचे अंतर्लापिका आणि बहिर्लापिका असे भेद येतात. अंतर्लापिकेत उत्तर त्या पद्याच्याच अक्षरांत गुंफलेले असते. बहिर्लापिकेत ते पद्याबाहेर, परंतु श्रोत्याच्या ज्ञानाच्या आत असते. साधारण शब्दकोड्याचा संकेत ही बहिर्लापिका आणि गर्भोत्तर ही अंतर्लापिका, असे समीकरण मांडण्यास हरकत नाही. लिफाफ्यातील उत्तर मात्र पद्यातही नाही आणि श्रोत्याच्या ज्ञानातही नाही. त्याला शास्त्रात नाव नाही. दण्डीने ‘काव्यादर्शा’त पूर्वाचार्यांनी सांगितलेल्या सोळा प्रहेलिका दिल्या आणि चौदा दुष्ट प्रहेलिकांचा नुसता उल्लेख करून त्या सोडून दिल्या. लिफाफ्याचे कोडे त्याच्या काळी असते तर पंधरावी दुष्ट प्रहेलिका म्हणून तरी त्याची नोंद झाली असती की नाही, ह्याची शंका आहे. विश्वनाथाने तर रसाच्या आड येते म्हणून प्रहेलिकेला अलंकारच मानले नाही. तो आक्षेप काव्यापुरता योग्य आहे. कोड्याकडून रसाची अपेक्षा कोणी केलेली नाही.

मराठीत ह्या विद्येचा मोठा उपासक मोरोपंत (१७२९–१७९४). त्याच्या रामायणांपैकी ‘निरोष्ठ रामायणा’त ओष्ठ्य वर्ण वर्ज्य आहेत, तर ‘मंत्ररामायणा’त ‘श्रीराम जय राम जय जय राम’ ह्या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरे आर्यांत गुंफलेली आहेत. पहिल्यात बंधन आहे, पण गर्भोत्तर नाही. दुसऱ्यात वर कथा चालते आणि आत मंत्र चालतो. टीकाकारांनी ह्या प्रकाराला शब्दांची कसरत म्हणून नाके मुरडली आहेत. कसरत ती आहेच. परंतु कथा वाचणाऱ्याला मंत्र सापडला की तो मंत्रच अभिप्रेत होता, ह्याविषयी त्याच्या मनात संशय राहत नाही, ही गोष्ट त्या टीकेत हरवली. गर्भोत्तर कोड्याची कसोटी हीच. सापडलेल्या उत्तराने आपली साक्ष आपणच दिली पाहिजे. कोडेकाराला विचारण्याची पाळी आली तर कोडे फसले.

(बायकांच्या उखाण्यात नाव घेणे हा प्रकार येथे आठवल्यावाचून राहत नाही. तेथे उत्तर सर्वांस आधीच ठाऊक असते आणि तरीही ते दडविण्याचा व अखेरीस सांगण्याचा सोहळा होतो. तो कोड्याचा भाऊ नव्हे, चुलतभाऊ.)

आता मराठीत गर्भोत्तर शब्दकोडे रचावयाचे झाल्यास काय होते, हे प्रत्यक्ष उदाहरण घेऊन पाहणे इष्ट. त्यासाठी वरळी कोळीवाडा हे नाव येथे घेतले आहे. मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक जे वरळी, त्याच्या उत्तर टोकाला किल्ला आहे आणि त्या किल्ल्याला लागून ही वस्ती आहे. निवडीला कारणे दोन. एक तर कोळ्यांच्या धंद्यातले शब्द आखूड आहेत आणि मासळीच्या नावांत द्व्यर्थाची खाण आहे. दुसरे असे की, ‘वरळी’ आणि ‘कोळीवाडा’ ह्या दोन्ही नावांत ‘ळी’ आहे, आणि तो ‘ळी’ कोडेकाराला मराठीच्या एका मूलभूत अडचणीसमोर आणून उभा करतो.

अडचण समजण्यासाठी आधी चौकटीतल्या घराचा विचार करावा लागेल. इंग्रजी कोड्याच्या एका घरात एक वर्ण बसतो. मराठी कोड्याच्या एका घरात अक्षर बसते, म्हणजे व्यंजन, त्यावरील स्वर आणि अनुस्वार ही सारी मंडळी एकत्र. त्यामुळे ‘ह’ आणि ‘हा’ एकमेकांना छेदू शकत नाहीत. ‘बायको’चा ‘बा’ आणि ‘बांगडा’चा ‘बां’ ही दोन निराळी घरे आहेत. पापलेट, हलवा आणि रावस हे तीन मासे एकाखाली एक मांडले आणि आद्याक्षरे वाचली तर ‘पा-ह-रा’ असे मिळते. वरळीच्या टोकावरच्या किल्ल्याला साजेसा ‘पहारा’ अगदी हातातोंडाशी येतो आणि एका काण्याच्या अंतराने निसटतो. केवळ व्यंजने मोजणाऱ्या लिपीत ही चूक झाकली गेली असती. मराठीत ती डोळ्यांत खुपते. आणि खुपली पाहिजे, कारण जेथे साक्ष उत्तरानेच द्यायची, तेथे काना इकडचा तिकडे करून चालत नाही.

पाश्चात्त्य गर्भोत्तर कोड्यांत आद्याक्षरे जुळवून उत्तर काढणे ही सर्वांत परिचित युक्ती. कामसूत्राच्या चौसष्ट कलांतील ‘अक्षरमुष्टिकाकथन’ हीही त्याच जातीची. परंतु ‘कोळीवाडा’ हे गर्भोत्तर ह्या युक्तीने मराठीत कधीही साधणार नाही, कारण मराठीत ‘ळ’ने आरंभ होणारा शब्द नाही. ही कोडेकाराच्या कुवतीची मर्यादा नव्हे, भाषेची आहे. वरळी, कोळी, होळी, मासळी, नारळी पौर्णिमा : ह्या वस्तीचे नाव, जात, सण आणि उपजीविका ह्यांतले कोणतेही आद्याक्षरांच्या मुठीत मावत नाही. मोरोपंताने जो मंत्र गुंफला त्यात ‘ळ’ नव्हता, हा त्याचा सुदैवी योग म्हणावा लागेल.

तेव्हा ‘ळ’ साधायचा तर शब्दाच्या आत किंवा शेवटी जावे लागते. शेवटी गेल्यास पुढील रचना संभवते :

बा – य – को
मा – स – ळी
ह – ल – वा
बां – ग – डा

चारही शब्द तीन-तीन अक्षरी आहेत आणि त्यांची अंत्याक्षरे वरून खाली ‘कोळीवाडा’ अशी वाचता येतात. एवढ्याने कोडे होत नाही. ही केवळ सामग्री झाली. हे चार शब्द असे एकाखाली एक ठेवले तर उभा रकाना उघडाच पडतो आणि गर्भात काही उरत नाही. ते मोठ्या चौकटीत दूरदूर पेरले पाहिजेत. पण पेरल्यावर सोडविणाऱ्याने इतर पंचवीस शब्द सोडून हेच चार का निवडावेत, आणि निवडल्यावर अंत्याक्षरेच का वाचावीत? दोन्ही प्रश्नांना चौकटीतच उत्तर हवे. पहिल्यासाठी सर्व शब्द एका कुटुंबाचे असावेत. दुसऱ्यासाठी शीर्षक आहे. ह्या कोड्याला ‘डोलजाळे’ असे नाव द्यावे. डोल हे कोळ्यांचे भरती-ओहोटीच्या ओढीत ताणून उभे केलेले पिशवीसारखे जाळे. त्याचे तोंड रुंद, पुढे ते निमुळते होत जाते, आणि पाण्याच्या ओढीबरोबर आत शिरलेले बोंबील व इतर मासळी शेवटच्या अरुंद टोकात साठते. ज्याला हे ठाऊक आहे, त्याला मिळकत कोठे शोधावयाची हे सांगावे लागत नाही. शीर्षकाने उत्तर सांगितलेले नाही. उत्तर काढण्याची रीत सांगितली आहे, आणि तीही त्याच वस्तीच्या धंद्यातून घेतलेली. ‘शेवट गोड’ असे एखादे चटपटीत शीर्षक दिले असते तर तेही अंत्याक्षरांकडेच गेले असते, परंतु त्याचा कोळीवाड्याशी काही संबंध नसता.

संकेतांच्या बाबतीत मासळीची नावे कोडेकाराला भरभरून देतात, आणि येथे थोडे रेंगाळण्यास हरकत नाही. ‘हलवा’ ही मिठाई आहे, काळ्या पापलेटाच्या जातीचा मासा आहे आणि ‘हलविणे’ ह्या क्रियापदाचे आज्ञार्थी रूपही आहे. ‘घोळ’ हा मोठा मासा आहे, तसाच तो कारभारातही होतो. ‘मोरी’ मासळीबाजारात शार्क आणि घरात न्हाणीघर. ‘तारली’ म्हणजे संकटातून वाचविली, आणि जाळ्यात सापडलेलीही तीच. ‘वाम’ संस्कृतात डावा वा वाकडा आणि कोळ्याच्या टोपलीत सापासारखा लांब मासा. ‘सुरमई’ रंग होतो. गिरगावातल्या शाकाहारी वाचकाला ह्या शब्दांचा एक अर्थ ठाऊक असतो, कोळीवाड्यातल्या वाचकाला दुसरा. आणि उत्तम संकेत तो, की ज्याला दोन्ही लागतात. ‘“सरकवा” म्हटले की ताटात येतो’ : हलवा. ‘हातातली ही पुल्लिंगी झाली की कालवणात जाते’ : बांगडा. दुसऱ्या संकेतात बांगडी आणि बांगडा ह्यांचा लिंगभेदावरचा खेळ आहे आणि दोन्ही टोके पक्की बांधलेली आहेत. बांगडी म्हटल्यावाचून बांगडा सुचत नाही आणि बांगडा लिहिल्यावर दुसरे काही बसत नाही. ‘नारळी पौर्णिमेपर्यंत हिची वाट पाहावी’ : मासळी; हा संकेत सरळ आहे, किंचित सपाटही. प्रत्येक संकेताने चमत्कार करावा असा आग्रह धरणे म्हणजे प्रत्येक ओळीत यमक साधण्यासारखे आहे. ह्या शास्त्राच्या इंग्रज आचार्यांनी, विशेषतः ‘आफ्रिट’ आणि ‘झिमेनीझ’ ह्या टोपणनावांनी लिहिणाऱ्यांनी, जो दंडक घातला तो एवढाच की संकेताचा वरवरचा अर्थ फसवा असला तरी त्याची रचना प्रामाणिक असावी. लिफाफ्याच्या कोड्यात ह्याच्या नेमके उलट घडे. वाक्य सरळ आणि कारभार फसवा.

आता दोषाकडे वळले पाहिजे. वरील चारांत ‘मासळी’, ‘हलवा’ आणि ‘बांगडा’ हे एका घरचे आहेत. ‘बायको’ बाहेरून आणलेली आहे. तिच्यासाठी ‘होडी नवऱ्याची, बाजार हिचा’ असा संकेत देता येतो, आणि तो वस्तुस्थितीला धरून आहे. समुद्रावर पुरुष जातो आणि मासळीची विक्री स्त्रीच्या हाती असते. तरीही सोडविणाऱ्याच्या मनात प्रथम ‘कोळीण’ येईल, आणि ‘नवऱ्याची’ ह्या शब्दाच्या आधाराने तो मागाहून ‘बायको’वर येईल. हा शब्द येथे त्याच्या गुणामुळे आलेला नाही. मराठी नामाच्या अंती ‘ओ’ हा स्वर दुर्मिळ आहे, आणि अंत्याक्षर ‘को’ असलेला तीन अक्षरी मराठी शब्द शोधू लागले असता ‘बायको’वाचून दुसरा सहजी हाताला लागत नाही. भाषेने जेथे दारे बंद केली तेथे उघडे असलेल्या एकुलत्या एका दारातून कोडेकार आत शिरला आहे. ‘कोळंबी’चा ‘को’ समोर पडलेला दिसतो आणि मोह होतो. पण तो आद्याक्षर आहे, आणि एका शब्दाचे आद्याक्षर व तिघांचे अंत्याक्षर घेतले तर जाळ्याच्या टोकाची सारी उपपत्तीच ढासळते. एक अपवाद केलेला नियम सोडविणाऱ्याला नियम म्हणून ओळखता येत नाही.

ह्यावर एक पर्याय कर्णरेषेचा आहे. पहिल्या शब्दाचे पहिले, दुसऱ्याचे दुसरे, तिसऱ्याचे तिसरे आणि चौथ्याचे चौथे अक्षर घ्यावे : कोळंबी, कोळीण, हलवा, आठवडा. येथे ‘कोळंबी’ मानाने आत येते आणि ‘आठवडा’ बाजाराच्या नात्याने बसतो. क्रम कर्णरेषेने आपोआप ठरतो, हा मोठा लाभ. परंतु ‘कोळीण’ हा शब्द चौकटीत आला की अर्धे गुपित तिने बोलून टाकले. तिच्याऐवजी ‘माळीण’ किंवा ‘पाळीव’ घातले तर गुपित राहते आणि कुटुंब मोडते. दोन्ही रचना तोलून पाहता पहिलीच सरस ठरते. तिच्यातली उणीव एका शब्दापुरती आहे आणि तिचे शीर्षक तिच्या रीतीशी एकजीव आहे. दुसरीसाठी तितके नेमके शीर्षक सापडत नाही. कर्णरेषेसारखा तिरपा जाणारा व्यवहार कोळ्याच्या धंद्यात कोणता, ह्याचे उत्तर ओढूनताणून द्यावे लागेल.

एक आक्षेप ह्याहून गंभीर आहे. हे सारे गर्भोत्तर छापील मराठीत बांधलेले आहे आणि ज्या वस्तीचे नाव त्यात दडविले तिची बोली छापील मराठी नव्हे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात उत्तर कोकणातील बोलींची जी लक्षणे नोंदली आहेत, त्यांत ‘ळ’च्या जागी ‘ल’, ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ड’च्या जागी ‘र’ येतो, हे ठळक आहे. कोळ्याच्या तोंडी घोडा हा ‘घोरा’ होतो. मग ज्या उच्चारात ‘कोळीवाडा’ हा शब्दच तसा नाही, त्या उच्चाराच्या माणसाला शेवटच्या घरांत हे नाव सापडावे, ही अपेक्षा कितपत न्याय्य? कोड्याने आपल्या विषयाच्या माणसालाच दाराबाहेर ठेवले, असा त्याचा अर्थ होईल. प्रहेलिकेचा एक उपयोग दण्डीने गर्दीत गुप्त बोलणे असा सांगितला आहे. पण गुप्त ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांनाच ते कळू नये, असा त्याचा आशय नसावा.

परंतु आक्षेप चौकटीला लावून पाहिल्यावर निराळेच काही दिसते. वरील ध्वनिबदल चारही शब्दांना सारखा लावला तर ‘मासळी’ ही ‘मासली’ होते आणि ‘बांगडा’ हा ‘बांगरा’. ‘बायको’ आणि ‘हलवा’ ह्यांच्या अंत्याक्षरांना धक्का लागत नाही. आता अंत्याक्षरे वाचावीत : को-ली-वा-रा. त्याच नियमाने ‘कोळीवाडा’चे जे रूप व्हावयाचे, तेच हे. शब्द बदलले तसे गर्भातले नावही बदलले, आणि दोघांचा मेळ तुटला नाही. इंग्रजी वर्णांच्या चौकटीत, जेथे लेखन आणि उच्चार ह्यांची फारकत झालेली असते, तेथे असे घडणे कठीण. मराठी अक्षर हे उच्चाराचेच घर असल्यामुळे, ज्या ध्वनिनियमाने बोली प्रमाणभाषेहून निराळी होते तो नियम संकेताच्या शब्दांवर आणि गर्भोत्तरावर एकाच वेळी चालतो.

ह्या निष्कर्षाला एक मर्यादा घालणे आवश्यक आहे. ‘बांगडा’ ह्या शब्दात ‘ग’चा अकार उच्चारात लोपतो, आणि व्यंजनानंतर लगेच येणाऱ्या ‘ड’चा ‘र’ दोन स्वरांमधल्या ‘ड’इतक्याच नियमाने होतो की नाही, हे पुस्तकातील नोंदीवरून ठरविता येत नाही, ते कोळीवाड्यातच ऐकले पाहिजे. तसे होत नसेल तर चौथ्या ओळीत ‘खेकडा’ घालून पाहता येईल. तोही तीन अक्षरी, जाळ्यात येणारा आणि ‘डा’वर संपणारा आहे; मात्र ‘क’चा अकार तेथेही लोपतो, तेव्हा प्रश्न तोच राहील. शिवाय बांगडीचा संकेत जाईल, आणि तो गमावणे कोणत्याही कोडेकारास जड जाईल.